पाहायला दिलेली फाइल आणि तिची नक्कल

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच होता : व्यवसायाची गोपनीय कागदपत्रे मेलने, लिंकने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवल्यानंतर त्यांची नक्कल कशी रोखायची. पत्रलेखकांची नावे व ओळखीचे तपशील वगळले आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

प्रश्न : भोसरीत आमचा फिक्श्चर (मशीनवर काम होताना वस्तू पक्की धरून ठेवणारे साधन) बनवण्याचा छोटा कारखाना आहे. एका ग्राहकाने कोटेशनसोबत नव्या फिक्श्चरची ड्रॉइंग मागितली. डिझाइन पूर्णपणे आमचे होते, म्हणून मी पीडीएफला पासवर्ड लावला, 'प्रिंट नाही, कॉपी नाही' असे बंधन घातले आणि पासवर्ड वेगळ्या मेलने कळवला. ऑर्डर आम्हाला मिळाली नाही. पाच महिन्यांनी आमच्या फिटरला चाकणमधल्या एका वर्कशॉपमध्ये आमच्याच ड्रॉइंगची प्रिंट मशीनशेजारी चिकटवलेली दिसली. आमच्या नावाची चौकट तेवढी कापलेली होती. एवढी काळजी घेऊनही हे कसे झाले?

उत्तर : तुम्ही हलगर्जीपणा केलेला नाही, हे आधी सांगतो. जे करावे असे सर्वत्र सांगितले जाते ते सारे तुम्ही केले. पण पीडीएफला लावायचे पासवर्ड दोन प्रकारचे असतात आणि त्यांच्या ताकदीत फार मोठे अंतर आहे, हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही. पहिला पासवर्ड फाइल उघडण्याचा. तो लावला की आतील मजकूर खरोखर कूटबद्ध होतो आणि पासवर्ड लांब व सहज न सुचणारा असेल, तर तो ठाऊक नसलेल्याच्या हाती अर्थहीन अक्षरांपलीकडे काही लागत नाही. दुसरा पासवर्ड परवानग्यांचा असतो. छपाई, नक्कल आणि बदल यांवरची बंधने त्याने घातली जातात. मात्र फाइल एकदा उघडली की मजकूर उलगडलेलाच असतो आणि 'छापू नये' ही फाइलमध्ये नोंदवलेली केवळ एक सूचना उरते. ती पाळायची की नाही, हे समोरच्याच्या संगणकावरचा प्रोग्रॅम ठरवतो. ॲडोबीचा रीडर ती पाळतो, पण २००८ पासून पीडीएफ हे आयएसओचे खुले मानक झालेले असल्यामुळे ती वाचणारे प्रोग्रॅम कोणीही तयार करू शकतो, आणि ही सूचना बाजूला सारणारे प्रोग्रॅम मिळवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

खरे तर तेवढेही कष्ट घ्यावे लागत नाहीत. सल्ल्यासाठी आलेल्या एका उद्योजकांना मी त्यांचीच कुलूपबंद ड्रॉइंग लॅपटॉपवर उघडायला सांगितली आणि खिशातल्या मोबाइलने पडद्याचा फोटो काढला. फोटो तिरका आला होता, पडद्याच्या बारीक जाळीच्या लहरी त्यावर उमटल्या होत्या, तरीही पंचवीस मिलिमीटरच्या बोअरपुढे (छिद्रापुढे) लिहिलेला 'एच ७' हा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी तफावत, स्वच्छ वाचता येत होता. टूलरूममधल्या अनुभवी माणसाला काम करायला तेवढे पुरते. म्हणून पासवर्डाकडून आपण काय अपेक्षा करतो, हे नीट ठरवले पाहिजे. वाटेत कोणी मेल फोडली, चुकीच्या पत्त्यावर गेली, लॅपटॉप चोरीला गेला, तर पासवर्ड तुम्हाला वाचवील. ज्याला तो तुम्ही स्वतः कळवला आहे, त्या माणसापासून तो वाचवू शकत नाही. तुमची ड्रॉइंग बहुधा त्याच वाटेने गेली आहे.

तेव्हा खरा निर्णय फाइल पाठवण्याच्या आधी घ्यायचा असतो. कोटेशनच्या टप्प्यावर ग्राहकाला काय पाहायचे असते? फिक्श्चर मशीनच्या टेबलावर बसते का, जॉब (घडवायची वस्तू) कसा धरला जातो, लोड-अनलोडला किती वेळ लागतो आणि किंमत काय. यासाठी जनरल अरेंजमेंट (सगळी रचना एकत्र दाखवणारी ड्रॉइंग), बाहेरची मापे आणि एखादे त्रिमितीय चित्र पुरते. लोकेटरच्या (जॉब नेमक्या जागी बसवणाऱ्या टेकूंच्या) जागा, टॉलरन्स, मटेरियलचा ग्रेड आणि हीट ट्रीटमेंट हे तुमचे डोके आहे, आणि ते पर्चेस ऑर्डर हातात पडेपर्यंत तुमच्याकडेच राहिले पाहिजे. 'ग्राहक नाराज होईल' ही भीती मला अनेकांनी बोलून दाखवली आहे. पण 'सविस्तर ड्रॉइंग ऑर्डरनंतर मंजुरीसाठी सादर करू' हे वाक्य कोटेशनमध्ये छापलेले असले, तर खरेदी विभागातली माणसे त्याला सहसा हरकत घेत नाहीत. दुसरे असे की, डीडब्ल्यूजी किंवा स्टेप फाइल (संगणकावर थेट वापरता येणारी मूळ ड्रॉइंग किंवा त्रिमितीय मॉडेल) कोटेशनसाठी कधीही देऊ नये. पीडीएफवरून नक्कल करणाऱ्याला निदान पुन्हा काढत बसावे लागते. स्टेप फाइल थेट कॅममध्ये (मशीनसाठी सूचना तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडते आणि त्याचे निम्मे काम आपणच करून दिलेले असते.

जे द्यावेच लागेल, त्यावर घेणाऱ्याचे नाव घाला. कंपनी, व्यक्ती आणि तारीख मोठ्या, फिकट अक्षरांत ड्रॉइंगच्या मधोमध, रेषांवरून तिरकी गेली पाहिजेत. कोपऱ्यातली चौकट कातरीने जाते, हे तुम्ही पाहिलेच आहे. वॉटरमार्क वेगळ्या थरात राहिला तर तो काढून टाकता येतो, म्हणून संपूर्ण पान चित्ररूपात सपाट करून मगच पीडीएफ बनवावी. याशिवाय प्रत्येक प्रतीत न दिसणारी एखादी खूण ठेवता येते. एका प्रतीत टीप क्रमांक चार 'सर्व तीक्ष्ण कडा मोडाव्यात' अशी असेल, तर दुसऱ्या प्रतीत 'सर्व कडांचे बर काढावेत' अशी असू द्या, आणि कोणती टीप कोणाला गेली याची नोंद वहीत ठेवा. मोजमापात मात्र चुकूनही अशी खूण ठेवू नका. ऑर्डर तुम्हालाच मिळाली आणि तीच प्रत शॉपफ्लोअरवर गेली, तर जॉब तुमचाच रिजेक्ट होईल.

आता कायद्याबद्दल. व्यापारी गुपितांसाठी आपल्या देशात अजून स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मधील २८९व्या अहवालात तो करावा अशी शिफारस केली, मसुदाही जोडला. तोपर्यंत आधार आहे तो कराराचा, विश्वासभंगाच्या तत्त्वाचा आणि कॉपीराइटचा. तुमच्या प्रकरणाशी मिळताजुळता एक निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने १९८७ साली दिला होता. जनावरांसाठी हिरवा चारा उगवणाऱ्या यंत्राच्या संशोधकाने, त्या यंत्राला लागणारी पॅनेल पुरवण्यासाठी एका भारतीय कंपनीला ड्रॉइंग व तांत्रिक माहिती दिली, आणि पुढे त्या कंपनीने तसेच यंत्र स्वतः बाजारात आणले. न्यायालयाने कंपनीला मनाई केली. त्यात निर्णायक ठरली ती ही बाब की, माहिती काटेकोर गुप्ततेची अट स्पष्ट घालून दिलेली होती. तुमच्या मेलमध्ये किंवा कोटेशनच्या शर्तींमध्ये तशी एखादी ओळ आहे का, ते आज पाहा. असेल तर मूळ मेल, जोडलेली फाइल आणि तारखा यांना हात न लावता सारे जपून ठेवा आणि वकिलामार्फत ग्राहकाला नोटीस द्या. नसेल तरी नोटीस देता येते, पण बाजू दुबळी राहते. एक सावधगिरी कॉपीराइटबाबतही घ्यायला हवी. जे डिझाइन कायद्याखाली नोंदवता आले असते पण नोंदवलेले नाही, त्याच्या वस्तू मालकाने पन्नासहून अधिक वेळा औद्योगिक पद्धतीने बनवल्या की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. फिक्श्चर सहसा एक-दोनच बनतात, त्यामुळे तुम्हाला याची झळ बसू नये. सुटे भाग हजारोंनी बनवणाऱ्यांनी मात्र हे कलम वकिलाकडून समजून घ्यावे.

प्रश्न : मी सांगलीत प्रकल्प अहवाल तयार करून देण्याचे काम करते. अहवाल गूगल ड्राइव्हवर ठेवून ग्राहकाला लिंक देते आणि डाउनलोडचा पर्याय बंद करते. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : लिंक कोणत्या प्रकारची आहे, यावर ते अवलंबून आहे. 'लिंक असलेल्या कोणालाही' पाहता येईल असा पर्याय निवडला असेल, तर ती लिंक व्हॉट्सॲपवर पुढे सरकली की अहवाल किती जणांनी पाहिला याचा तुम्हाला पत्ताही लागणार नाही. त्याऐवजी प्रवेश मर्यादित ठेवून ग्राहकाच्या नेमक्या ई-मेल पत्त्यालाच परवानगी द्यावी. शेअर करण्याच्या चौकटीत दातेरी चाकाचे चिन्ह असते. तेथे पाहणाऱ्यांना डाउनलोड, छपाई व नक्कल यांचा पर्याय दिसू नये अशी सोय आहे, आणि ती तुम्ही वापरत आहात हे योग्यच आहे. पण तेथेच दुसरीही एक खूण असते. संपादनाचा अधिकार असलेल्यांना इतरांना प्रवेश देता येतो, आणि ती खूण आपणहून काढावी लागते. माझ्या पाहण्यातली बरीच गळती या दुसऱ्या खुणेकडे लक्ष न गेल्याने झाली आहे.

डाउनलोड बंद केल्याने स्क्रीनशॉट बंद होत नाही. पन्नास पानी अहवालाचे पन्नास स्क्रीनशॉट काढायला अर्धा तास पुरे. तरीही मी ही बंधने निरुपयोगी मानत नाही. सहज जाता जाता होणारी नक्कल त्यांनी थांबते, आणि जो स्क्रीनशॉट काढत बसतो त्याला आपण मनाई मोडतो आहोत हे कळत असते. पुढे वाद झालाच, तर हेतू सिद्ध करताना याचा उपयोग होतो. काम संपले की प्रवेश काढून घ्यायला विसरू नका. तीन-चार वर्षांपूर्वीच्या ग्राहकांकडे आजही उघडणाऱ्या लिंक असतात. आज संध्याकाळीच स्वतःची यादी उघडून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कंपनीतील हिस्सा विकताना किंवा गुंतवणूकदाराला हिशेब दाखवताना यापुढची व्यवस्था लागते. तिला डेटा रूम म्हणतात. तीत प्रत्येक पानावर पाहणाऱ्याचा ई-मेल पत्ता आणि वेळ आपोआप उमटते, आणि कोणी कोणते पान कधी पाहिले याची नोंद राहते. ती खर्चिक असते. तुमच्या कामासाठी तिची गरज मला वाटत नाही.

प्रश्न : आमचा नाशिकमध्ये मसाल्यांचा व्यवसाय आहे. वितरकांना दरपत्रकाची पीडीएफ पाठवताना मी खरेदीच्या दरांवर काळ्या पट्ट्या मारते. एक्सेल पाठवायची असेल तर ते रकाने लपवते आणि शीटला पासवर्ड लावते. तरीही एका वितरकाने आमचा खरेदीदर अगदी पैशापर्यंत बरोबर सांगितला.

उत्तर : पट्टी मारल्याने आकडा झाकला जातो, पुसला जात नाही. संगणकावर काढलेला काळा चौकोन हे मजकुरावर ठेवलेले दुसरे चित्र असते, आणि खालचा मजकूर फाइलमध्ये जसाच्या तसा राहतो. त्या पट्टीवरून माउस ओढून मजकूर निवडा, नक्कल करा आणि कोऱ्या पानावर चिकटवा. आकडे समोर येतील. ही चूक मोठमोठ्या वकिलांच्याही हातून झाली आहे. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेचे माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या दस्तऐवजातील काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी अशाच साध्या नकलेने वाचला आणि तो जगभर छापून आला. मजकूर खरोखर काढून टाकण्यासाठी वेगळी आज्ञा असते, आणि ती ॲक्रोबॅटच्या विकतच्या आवृत्तीत मिळते. ती नसेल तर मूळ फाइलमध्ये आकडे पुसून तेथे रिकामी जागा ठेवा आणि नव्याने पीडीएफ बनवा. माझ्या मते हा दुसरा मार्गच अधिक भरवशाचा आहे.

एक्सेलचे दुखणे याहून खोल आहे. लपवलेला रकाना शेजारचे दोन रकाने निवडून उजवी कळ दाबली की परत येतो. शीटला लावलेला पासवर्ड सूत्रे चुकून बदलू नयेत यासाठी असतो. ती सुरक्षेची सोय नव्हे, असे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. संपूर्ण फाइल उघडण्यासाठीचा पासवर्ड ही निराळी गोष्ट आहे, त्याने फाइल खरोखर कूटबद्ध होते. पण वितरकाला तो कळवायचाच असल्याने तुमचा प्रश्न त्याने सुटत नाही. पिव्होट टेबल (मोठ्या तक्त्यातील आकड्यांची गटवार बेरीज दाखवणारा सारांश) वापरत असाल तर आणखी एक धोका ध्यानात घ्या. मूळ आकड्यांचे शीट काढून टाकले तरी त्या आकड्यांची प्रत टेबलाच्या पोटात शिल्लक राहू शकते, आणि बेरजेच्या खान्यावर दोनदा क्लिक केले की सगळ्या ओळी पुन्हा उलगडतात. म्हणून वितरकाला द्यायचे दरपत्रक हे नेहमी वेगळ्या, कोऱ्या फाइलमध्ये फक्त आकडे चिकटवून तयार करावे. खर्चाचा तक्ता असलेल्या फाइलमधून 'नको ते काढून' ते तयार करू नये.

वर्डच्या फाइलबाबतही हेच. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकविषयी प्रसिद्ध केलेल्या वर्ड दस्तऐवजात शेवटचे फेरफार कोणकोणत्या कर्मचाऱ्यांनी केले याची यादी आतच राहिली होती, आणि ती बाहेर आल्यावर सरकारची मोठी नाचक्की झाली. आपल्याकडे जुन्या ग्राहकाच्या कोटेशनवरच नवे कोटेशन लिहिण्याची सवय असते. फेरफारांची नोंद चालू राहिली तर जुना दर नव्या ग्राहकाला वाचता येतो. पाठवण्यापूर्वी दस्तऐवज तपासण्याची आज्ञा वापरावी, किंवा सरळ पीडीएफ करूनच पाठवावे.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या फर्मचा विक्री व्यवस्थापक नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला. जाण्याच्या आठवड्यात त्याने सुमारे चार हजार ग्राहकांची यादी स्वतःच्या जीमेलवर पाठवल्याचे मेलच्या नोंदींत दिसते. नेमणूकपत्रात 'दोन वर्षे स्पर्धकाकडे काम करणार नाही' अशी अट होती. तिचा उपयोग होईल का?

उत्तर : त्या अटीवर फार विसंबू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायाला मज्जाव करणारा करार निरर्थक ठरतो, आणि नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी आपली न्यायालये सहसा मानत नाहीत. नोकरीच्या मुदतीतील बंदी आणि गुपिते न फोडण्याची अट यांचे मात्र तसे नाही. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातील कर्मचारी कराराची मुदत संपण्यापूर्वीच दुसऱ्या कारखान्यात गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली उरलेल्या मुदतीपुरती त्याच्यावरची मनाई कायम ठेवली होती. म्हणून तो कोठे काम करतो, हा मुद्दा सोडून यादी नेली या मुद्द्यावर भर द्या.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ परवानगीशिवाय संगणकातील माहितीची नक्कल करण्याला लागू होते, आणि ते कृत्य अप्रामाणिक हेतूने केले असेल तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. समोरची बाजू म्हणेल की, यादी हाताळण्याची परवानगी त्याला होतीच. तेव्हा खासगी मेलवर काही पाठवू नये असा लेखी नियम तुमच्या फर्ममध्ये होता का, आणि त्याने त्यावर सही केली होती का, यावर बरेच ठरेल.

यादीवर कॉपीराइट मिळतो का, याचे उत्तर तितके सरळ नाही. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मेल ऑर्डरने माल विकणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहक यादीला संरक्षण दिले. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या कष्टांपेक्षा थोडी तरी स्वतःची बुद्धी लागावी अशी कसोटी घातली. अमेरिकेतील १९९१ चा टेलिफोन डिरेक्टरीचा खटला या बाबतीत फार बोलका आहे. कॅन्ससमधील एका टेलिफोन कंपनीने नक्कल पकडण्यासाठी आपल्या डिरेक्टरीत काही खोटी नावे पेरली होती. त्यांतील चार प्रतिस्पर्ध्याच्या डिरेक्टरीत सापडली. चोरी उघड झाली, पण वर्णक्रमाने लावलेल्या नावांत स्वतःची निर्मिती नाही म्हणून ती कंपनी हरली. तुमच्या यादीत ग्राहकांची खरेदीची सवय, उधारीची मुदत, कोणाला कोणता दर दिला अशी तुम्ही घडवलेली माहिती असेल, तर बाजू बळकट होते. अशी यादी कॉपीराइटपेक्षाही गुपित म्हणून अधिक जपता येते. आपल्या यादीत दोन-चार पेरलेली नावे आणि स्वतःचे मोबाइल क्रमांक ठेवण्याची शिफारस मी करीनच. प्रतिस्पर्ध्याचा संदेश त्या क्रमांकावर आला की पुरावा आपणहून चालत येतो.

सध्या सर्वात तातडीचे काम म्हणजे पुरावा सांभाळणे. त्याचा लॅपटॉप नव्या माणसाला देऊ नका आणि तो फॉरमॅटही करू नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकीय नोंदींसोबत दोन भागांतले प्रमाणपत्र द्यावे लागते. एक भाग तुमचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात त्या फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून संगणकाने काढलेली ओळखखूण, नोंदवायची असते. एक अक्षर बदलले तरी ही किंमत बदलते. त्यामुळे मेलच्या नोंदी उघडून, छापून, पुन्हा साठवून पाहण्याचा मोह आवरा आणि जाणकाराकडून आधी प्रत काढून घ्या. नुकसानभरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा करता येतो. हा मार्ग फार थोड्या उद्योजकांना ठाऊक आहे.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर 'एकदाच पाहा' करून कोटेशन पाठवले तर चालेल का? आणि पीडीएफची वर्ड करून देणाऱ्या मोफत वेबसाइट वापराव्यात का?

उत्तर : 'एकदाच पाहा' ही सोय फोटो, व्हिडिओ आणि आवाजी संदेशांपुरती आहे. पीडीएफ पाठवली तर ती समोरच्याच्या मोबाइलमध्ये साठते. कोटेशनचा फोटो त्या पद्धतीने पाठवला तरी दुसऱ्या मोबाइलने त्याचा फोटो काढता येतोच, आणि महत्त्वाचे म्हणजे तुम्ही काय दर दिला होता याची नोंद तुमच्याचकडे धड राहत नाही. कोटेशन मेलनेच पाठवा.

मोफत वेबसाइटवर फाइल चढवणे म्हणजे ती अनोळखी माणसाच्या संगणकावर ठेवणे होय. गोपनीय फाइलसाठी त्या वापरू नका. हेच काम वर्डमध्ये पीडीएफ थेट उघडून होते. एआयच्या चॅटबॉटमध्ये करार किंवा खर्चाचे तक्ते चिकटवण्याबाबतही तीच काळजी घ्या. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाले, तेव्हा कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली होती. तुमच्या कार्यालयात हे काम बहुधा नव्याने लागलेली मुले वेळ वाचावा म्हणून चांगल्या हेतूने करत असतील, तेव्हा त्यांना रागावण्याऐवजी कोणत्या फाइल कोठेही चढवायच्या नाहीत त्यांची यादी छापून टेबलाजवळ लावा.